असतो आणि असावा

आपले आयुष्य पाट्यांनी भरलेले आहे. बागेत जावे तर ‘फुले तोडू नयेत’, वाचनालयात जावे तर ‘मोठ्याने बोलू नये’, जिना चढावा तर ‘थुंकू नये’, आणि घरी परत यावे तर सोसायटीच्या दारातच ‘येथे वाहने लावू नयेत’. मी पुण्यात वाढलो. तिथे तर पाटी हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच आहे, आणि त्याला वाचकांची कधी वाण पडलेली नाही. या सगळ्या पाट्या लिहिणाऱ्यांचा मनुष्यस्वभावाविषयी एकच सिद्धान्त असतो. तो असा, की समोरून येणारा माणूस फुले तोडणारा, थुंकणारा आणि भलतीकडे गाडी लावणारा आहेच. त्याला वेळीच दटावला पाहिजे.

या सिद्धान्ताला छेद देणारी एकच पाटी मी लहानपणी पाहिली. आमच्या शाळेत तालमीच्या खोलीशेजारी एक अंधारी खोली होती. तिथे लाठ्या, दोऱ्या, तंबूचे कापड आणि दोन फुटके कंदील यांच्या सहवासात एक काळा फळा टांगलेला असे. त्यावर पांढऱ्या रंगाने स्काऊटचे नियम लिहिले होते. पहिलाच नियम होता, ‘स्काऊट विश्वासू असतो.’ पुढचेही सगळे याच थाटाचे. स्काऊट निष्ठावान असतो, विनयशील असतो, काटकसरी असतो. ‘नये’ हा शब्द त्या फळ्यावर औषधालाही नव्हता.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि तर्खडकरी व्याकरणाने नुकताच पछाडला गेलो होतो. मी स्काऊटच्या सरांना विचारले, “सर, इथं चूक झाली आहे का? नियम आहे ना, मग ‘असावा’ पाहिजे. ‘असतो’ कसं?”

सर लाठ्या मोजत होते. मोजणी न थांबवता ते म्हणाले, “चूक नाही. ‘असावा’ म्हटलं की तू उद्यापासून सुरुवात करशील. सत्तावीस, अठ्ठावीस... एक लाठी कुठं गेली रे?”

उत्तर माझ्या डोक्यावरून गेले. ते खाली उतरायला बरीच वर्षे लागली. पण ती कथा पुढे येईल.

आधी हे नियम आले कुठून ते सांगतो. रॉबर्ट बेडन-पॉवेल नावाचा एक इंग्रज सेनापती होता. बोअर युद्धात १८९९-१९०० मध्ये मॅफेकिंगच्या वेढ्यात त्याने दोनशे सतरा दिवस तग धरला, आणि तिथे निरोप पोहोचवण्यासारखी कामे पोरांनी केली. मुलांवर जबाबदारी टाकली की ती निभावतात, ही गोष्ट त्याच्या मनात तिथे ठसली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर त्याने वीसेक मुलांचे शिबिर भरवले. त्यात बड्या घरची मुले होती आणि कामकऱ्यांचीही होती. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन्ही मुले एका तंबूत झोपणे हेच एक मोठे नवल होते. पुढच्याच वर्षी त्याचे ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक निघाले आणि त्यात हे नियम आले. तेव्हा ते नऊ होते. मन, वाणी आणि कृती शुद्ध ठेवण्याचा दहावा नियम काही वर्षांनी जोडला गेला.

त्या मूळ नियमांतले दोन-तीन बारकावे मला फार आवडतात. एका नियमाप्रमाणे स्काऊटने संकटातही हसतमुख राहायचे आणि शीळ घालायची! आता विचार करा, आमच्या पेठेतल्या वाड्यात हा नियम कसा पाळायचा? शीळ घालणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला, हे आमच्याकडे ठरलेलेच होते. संध्याकाळी दिवेलागणीला शीळ घातली तर घरात साप येतो, अशी आजीची पक्की समजूत. दुसरा बारकावा शिव्यांचा. जो स्काऊट शिवी देईल त्याच्या सदऱ्याच्या बाहीत इतरांनी पेलाभर थंडगार पाणी ओतायचे, अशी शिक्षा त्या पुस्तकात सांगितली होती. आमच्या सरांनी ती एकदा अमलात आणली. दिवस मे महिन्याचे होते. परिणाम असा झाला, की दहा मिनिटांत अर्धे पथक शिव्या देऊ लागले. शिक्षा हवामान पाहून निवडावी लागते, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

हिंदुस्थानात स्काउटिंग १९०९ मध्ये बंगलोरला आले, पण ते फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. ‘स्काऊट सर्वांचा मित्र असतो’ असा नियम सांगणाऱ्या संस्थेत हिंदी मुलाला मज्जाव होता. विश्वासू असण्याचे शिक्षण आम्हांला द्यायचे नाही, कारण आमच्यावर विश्वास नाही, असा तो तिढा होता. तो आपल्याच लोकांनी सोडवला. मध्य प्रांतात विवियन बोस यांनी हिंदी मुलांसाठी हे काम सुरू केले. हेच बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मद्रासेस ॲनी बेझंटबाईंनी हिंदी मुलांची वेगळी संघटना काढली. अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभी केली. स्वातंत्र्यानंतर हे निरनिराळे प्रवाह एकत्र आले आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था झाली. मुलींची गाईड संघटना १५ ऑगस्ट १९५१ रोजी तिच्यात मिळाली. पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले कुंझरू. आपल्या गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते अध्यक्ष, त्यामुळे हे नाव आम्हां पुणेकरांना परके नव्हते.

नियमांनीही कपडे बदलले. राजनिष्ठेच्या जागी देशनिष्ठा आली. शीळ गेली आणि धैर्य आले. माझी आजी असती तर तिला बरे वाटले असते. मूळ नियमात आईबाप, संघनायक आणि स्काऊटमास्तर यांच्या आज्ञा ‘का’ असे न विचारता पाळायच्या होत्या. आता त्या जागी स्काऊट शिस्तप्रिय असतो आणि सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणाला मदत करतो, असे आहे. मला हा फरक लहान वाटत नाही. एका साम्राज्याला हुकूम ऐकणारी मुले हवी होती. एका नव्या देशाला एसटीची आसने न फाडणारी मुले हवी होती. कोणत्या देशाला कसली चणचण आहे, हे त्याच्या मुलांसाठी केलेल्या नियमांवरून ओळखावे. आज हे नियम नऊ आहेत, आणि मुलींसाठी तेच आहेत. फक्त ‘असतो’च्या जागी ‘असते’. माझी धाकटी बहीण गाईड झाली तेव्हा तिने मला ऐकवले होते, “नियम तेच आहेत दादा, पण आम्ही पाळतो.”

घरच्या माणसांना या प्रकाराबद्दल प्रथम फारसा उत्साह नव्हता. खाकी गणवेश, गळ्यातला स्कार्फ, तो अडकवायचा वोगल, शिट्टी आणि पट्टा यांचा खर्च ऐकून वडिलांनी आधी हिशेब मांडला, मग सुस्कारा टाकला. “यातून पुढं काय होतं?” असे त्यांनी विचारले. मध्यमवर्गीय बापाचा हा प्रश्न अमर आहे. आजीची हरकत वेगळी होती. स्काऊट एकमेकांशी डावा हात मिळवतात, हे ऐकून ती हबकलीच. “देणं-घेणं उजव्या हातानं करावं इतकंही त्या साहेबाला कोणी शिकवलं नाही का?” डावा हात हृदयाच्या बाजूचा म्हणून तो पुढे करायचा, असे मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, “हृदय आहे ते आत. हात कशाला बरबटता?”

आई मात्र धोरणी. रोज निदान एक सत्कृत्य करायचे हा स्काऊटचा नेम आहे, एवढे तिच्या कानी पडले आणि तिचे स्काउटिंगविषयीचे मत पार पालटले. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि सत्कृत्य झाले की ती सोडायची, अशी रीत होती. आई ती गाठ नेमकी हेरायची. “गाठ दिसते आहे रे अजून. जा बरं, गिरणीतून दळण घेऊन ये.” दळण आणून गाठ सोडायला गेलो की दुसरा मुद्दा निघे. आईच्या सांगण्यावरून केलेले काम सत्कृत्यात धरायचे का? सरांचा निकाल स्पष्ट होता. जे काम तुमच्याकडून अपेक्षितच आहे त्याने गाठ सुटत नाही. त्यामुळे दळण, रॉकेल, रेशनची साखर ही सारी कामे होऊनही गाठ जागच्या जागी राही, आणि मी संध्याकाळी शनिपारापाशी रस्ता ओलांडणारी म्हातारी शोधत उभा राही. त्या वर्षी पेठेतल्या काही म्हाताऱ्यांना त्यांची इच्छा नसतानाही पलीकडे जावे लागले, असे ऐकतो.

हसण्यावारी नेले तरी या नियमांनी आम्हांला पुष्कळ दिले. चापट गाठ कशी मारायची, जी ओढली की घट्ट बसते आणि सोडायची म्हटले की सहज सुटते. तीन दगडांची चूल वाऱ्याकडे कसे तोंड करून मांडायची. घोंगडी आणि दोन लाठ्या यांची डोली कशी करायची. ताटात पंधरा-वीस लहानसहान वस्तू ठेवून मिनिटभर दाखवायच्या आणि झाकून विचारायचे, काय काय पाहिलेस? किपलिंगच्या ‘किम’ कादंबरीवरून या खेळाला किमचा खेळ म्हणत. मला तो फार आवडे. आजही चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण डाव्या कोपऱ्यात बटण होते आणि त्याला दोनच भोके होती, हे आठवते.

मग १९६१ सालचा जुलै आला. १२ तारखेला पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेचे पाणी पेठांतून शिरले. त्या दिवसाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला सांगायचे आहे ते नंतरच्या दिवसांविषयी. चहूकडे चिखल होता आणि प्यायला पाणी नव्हते. नळ कोरडे पडले होते. जुन्या वाड्यांतल्या ज्या विहिरींकडे वर्षानुवर्षे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्या पुन्हा कामाला आल्या. पाण्याची गाडी आली की बादल्या, हंडे, कळश्यांची ही रांग लागे. आमच्या पथकाला काम मिळाले ते रांग लावण्याचे आणि ज्यांना चालवत नाही त्यांचे पाणी घरी पोहोचवण्याचे.

स्काऊटने मदतीबद्दल बक्षीस घ्यायचे नाही, हा तर फार जुना दंडक. आमच्यातल्या एकाने एका वृद्ध बाईंची बादली तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिली. बाईंनी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि भांड्यात घोटभर पाणी पुढे केले. हा ताठ उभा राहिला. तीन बोटांचा सॅल्यूट ठोकून म्हणाला, “स्काऊट बक्षीस घेत नाहीत, आजी.” आणि तडक जिना उतरला. बाई त्याच्यामागून कठड्याला धरून तीन मजले खाली आल्या आणि चौकात सरांपुढे उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी. “मास्तर, माझ्या दारातून मूल तहानलेलं गेलं. बक्षीस कसलं मेल्याला? घरी आलेल्याला गूळपाणीसुद्धा द्यायचं नाही का मी? एवढं का सगळं वाहून गेलंय?”

सरांनी तो गुळाचा खडा स्वतः घेतला, अर्धा मोडून त्या मुलाला दिला, अर्धा आपल्या तोंडात टाकला आणि बाईंना नमस्कार केला. बाई गेल्यावर आम्हांला जवळ बोलावून ते म्हणाले, “पैसे दिले तर घ्यायचे नाहीत. गूळ दिला तर घ्यायचा. बक्षीस कुठलं आणि माया कुठली, एवढं ज्याला ओळखता येत नाही त्यानं नियम पाठ करून उपयोग काय?”

पाणी मोजून प्यायच्या त्या दिवसांत त्या बाईंनी घोटभर पाणी पुढे केले होते, याचे मोल मला तेव्हा कळले नाही. सरांना कळले होते.

आता ती दुसरी कथा सांगतो. ती आजवर मी कोणाला सांगितली नव्हती.

त्याच हिवाळ्यात आमचे शिबिर सिंहगडच्या पायथ्याशी जायचे ठरले. शिबिराचे पैसे घरून मागायचे नाहीत, आपण कमवायचे, असा सरांचा आग्रह. याला स्काऊटच्या भाषेत ‘खरी कमाई’ म्हणतात. कोणी सायकली पुसल्या, कोणी रद्दी गोळा केली, कोणी दिवाळीत पणत्या रंगवून विकल्या. जमलेले पैसे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि शेजारच्या वहीत लिहीत. डब्याला लहानसे कुलूप होते. त्याची किल्ली दर आठवड्याला एकेका संघनायकाकडे असे.

१९६२ च्या जानेवारीत एका शनिवारी सरांनी डबा उघडला तेव्हा त्यात नऊ रुपये कमी भरले. त्या आठवड्यात किल्ली आमच्या संघनायकाकडे होती. त्याचे नाव इथे सांगत नाही. तो दहावीत होता, आणि शाळेत नादारीवर शिकत होता. वडिलांचे दुकान पुरात गेले होते. एवढे कळल्यावर शाळेतल्या मंडळींना पुढचे काही कळून घेण्याची गरज वाटली नाही. मोठ्या पदावरच्या एका गृहस्थांनी तर त्याचे दप्तर तपासा, वडिलांना बोलवा, असे वऱ्हांड्यात उभे राहून मोठ्याने सांगितले.

सरांनी दप्तर तपासले नाही. आम्ही सगळे त्या अंधाऱ्या खोलीत उभे होतो. सरांनी त्याला एकच प्रश्न विचारला. “पैसे तू घेतलेस का?”

“नाही, सर.”

“ठीक आहे,” सर म्हणाले. “स्काऊटनं सांगितलं. विषय संपला.” त्यांनी खिशातून नऊ रुपये काढून डब्यात टाकले, कुलूप लावले आणि किल्ली पुन्हा त्याच्याच हातात दिली. आठवडा संपायला अजून एक दिवस होता.

महिनाअखेर होती. त्या काळात शिक्षकाच्या खिशात महिनाअखेरीला नऊ रुपये असणे आणि ते असे जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी शिक्षकाचा संसार जवळून पाहिला आहे त्यांना सांगायला नको. शिवाय बोलणी खावी लागली ती वेगळीच. शिक्षकांच्या खोलीत थट्टा झाली. एका पालकांनी आपल्या मुलाला पथकातून काढून घेतले. त्यांचे म्हणणे असे, की चोरीला शिक्षा नाही अशा ठिकाणी माझा मुलगा काय शिकणार? आज मागे वळून पाहताना त्या पालकांना मी मूर्ख म्हणू शकत नाही. असा विश्वास टाकणाऱ्याचे पैसे पुष्कळ वेळा बुडतात, आणि ज्याच्यावर विश्वास टाकला तो कोपऱ्यात जाऊन हसतो. हेही जग आहे. मूळ पुस्तकातसुद्धा खोटे बोलणाऱ्या स्काऊटचा बिल्ला काढून घ्यावा, असेच सांगितले आहे.

शिबिर झाले. तो संघनायक आमच्याबरोबर आला. चूल त्यानेच पेटवली आणि भात त्यानेच उतरवला. पुढच्या वर्षी तो मॅट्रिक होऊन शाळेतून गेला. पुढे पथकही मोडले. सर निवृत्त झाले, आणि यथाकाल गेले.

ते गेल्यावर घर आवरताना त्यांच्या मुलीने मला बोलावले. पथकाची काही कागदपत्रे होती. रद्दीत टाकवत नव्हती, ठेवायला जागा नव्हती. त्यात ती हिशेबाची वही होती. मी सहज चाळू लागलो. सरांचे अक्षर टपोरे. रद्दीचे इतके, सायकलींचे इतके, नावासह. पण १९६२ च्या फेब्रुवारीपासून मधूनमधून एक वेगळी नोंद दिसू लागली. ‘किरकोळ जमा, ५० नवे पैसे. नाव नाही.’ पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा, ‘किरकोळ जमा, २५ नवे पैसे. नाव नाही.’ एकदा पंचाहत्तर. मे महिन्याच्या सुट्टीनंतर एकदम सव्वा रुपया. डब्याच्या झाकणाला फट होती. कुलूप असले तरी नाणे आत टाकता येत असे. अशा नोंदी चौदा महिने चालल्या होत्या. शेवटची १९६३ च्या मार्चमधली होती. तिच्याखाली सरांनी बारीक रेघ मारली होती, आणि रेघेखाली काही न लिहिता वही तशीच पुढे चालू ठेवली होती.

मी बेरीज केली. नऊ रुपये भरले.

मी पुन्हा त्या शब्दांकडे पाहिले. व्याकरणाचे जुने वेड! ‘नाव माहीत नाही’ असे सरांनी कुठेही लिहिले नव्हते. ‘नाव नाही’ असे लिहिले होते. नाव त्यांना माहीत होते, आणि ते लिहायचे नव्हते.

तेव्हा मला त्यांनी लाठ्या मोजता मोजता दिलेल्या उत्तराचा अर्थ लागला. ‘स्काऊट विश्वासू असतो’ हे वाक्य त्या शनिवारी खोटे होते. सरांना ते ठाऊक होते. निदान तशी शंका तरी त्यांना आलीच असणार. दप्तर तपासले असते तर ते खोटे असल्याचे सिद्ध झाले असते आणि कायमचे खोटे राहिले असते. ते त्यांनी सिद्ध होऊ दिले नाही. त्या वाक्याला खरे व्हायला चौदा महिने लागणार होते. तेवढी उसनवारी त्यांनी खिशातले नऊ रुपये टाकून केली. ‘असावा’ ही अपेक्षा असते, आणि अपेक्षाभंग झाला की आपण मोकळे होतो. ‘असतो’ म्हणणाऱ्याला तशी सुटका नाही. त्याला त्या शब्दाची किंमत स्वतः भरावी लागते.

आमचा तो संघनायक पुढे काय झाला, असे तुम्ही विचाराल. तो एका बँकेत लागला आणि तिथे तीसपेक्षा जास्त वर्षे त्याने रोखपालाचे काम केले. लाखो रुपये त्याच्या हातांतून गेले. निवृत्त झाला त्या दिवशी त्याच्या हिशेबात एका पैशाची तफावत नव्हती, असे निरोपसमारंभात साहेब म्हणाल्याचे त्याच्या बायकोने मला अभिमानाने सांगितले. अजूनही आम्ही अधूनमधून भेटतो. सरांचा विषय निघाला की तो चहाच्या कपात पाहत राहतो. वही माझ्या कपाटात आहे, हे मी त्याला सांगितलेले नाही. जे नाव सरांनी लिहिले नाही, ते उच्चारण्याचा अधिकार मला कोणी दिला?

आज घरोघरी मुलांसाठी नियम आहेत. मोबाइल किती वेळ पाहायचा, रात्री किती वाजता परत यायचे, किती टक्के पडले पाहिजेत. माझ्या मुलानेही माझ्या नातवासाठी अशी एक यादी करून फ्रीजवर लावली आहे. सोळा कलमे आहेत आणि सोळाही ‘नये’वर संपतात. यादी चांगली आहे; मी तिच्याविरुद्ध नाही. मुलांना नियम हवेतच. लाठीने पोरे मोठी होत नाहीत, तशी नुसत्या लाडानेही होत नाहीत. पण परवा मी पेन्सिल घेऊन त्या यादीखाली सतरावे कलम लिहून ठेवले, ‘आमच्या घरातला मुलगा खरे बोलतो.’

नातवाने ते वाचले. बराच वेळ तो फ्रीजसमोर उभा होता. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, “आजोबा, हा नियम नाहीये. हे तर नुसतं वाक्य आहे.”

“हो,” मी म्हणालो. “सध्या वाक्यच आहे.”